मलिदा

मलिदा : कोकणातील मराठीभाषक ज्यूंचा, म्हणजे बेने इस्राएल समाजाचा प्रार्थनाविधी; त्यात मांडल्या जाणाऱ्या गोड पोह्यांच्या ताटालाही हेच नाव. नवस फेडताना, तसेच लग्न, सुंता, नवे घर, दूरचा प्रवास, दुखण्यातून उठणे अशा प्रसंगी तो करतात. प्रार्थना एकाच देवाला. स्मरण संदेष्टा एलियाहूचे.

भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा कालवतात आणि भोवती फळे मांडतात. झाडाचे फळ, जमिनीतले पीक, सुगंध यांसाठी हिब्रूत वेगवेगळी आशीर्वचने आहेत. ‘एलियाहू हनाबी’ हे गीत सारे मिळून गातात, मग प्रसाद वाटला जातो.

समाजाच्या परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरली ती ‘शेमा’ ही देवाच्या एकत्वाची प्रार्थना. सुंता असो, लग्न असो वा मृत्यू, तीच म्हणत. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पोथी नाही, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, तरी पिढ्यानपिढ्या धर्म टिकला, याचे मोठे श्रेय या एका प्रार्थनेला द्यावे लागते.

ज्यू परंपरेत अंतःकरणपूर्वक प्रार्थनेचा आदर्श आहे हन्ना. मूल नसलेली ही स्त्री मंदिरात नुसते ओठ हलवत होती. याजक एलीला ती प्यायलेली वाटली. तिनेही नवसच केला होता, आणि पुढे तिला शमुवेल हा मुलगा झाला. प्रार्थनेत मन एकाग्र असणे, हिब्रूत ‘कव्वाना’, किती मोलाचे आहे हे रब्बींनी तिच्याच उदाहरणावरून शिकवले.

नवसाची सर्वांत ठळक खूण मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असा नवस त्यांनी केल्याचे सांगतात. 1796 मध्ये मांडवीत ‘शाअर हाराहामीम’ म्हणजे करुणेचे द्वार हे सिनेगॉग उभे राहिले. मुंबईतले ते पहिले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि ओठांवरच्या शब्दांचा अर्थ घरोघर पोचला. त्यांचे हे काम अनुवादापेक्षा मोठे मानले पाहिजे.

अलिबाग तालुक्यात खंडाळ्याजवळ (घाटातले खंडाळा नव्हे) खडकावरील खुणांना ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. एलियाहू रथातून स्वर्गाला गेला तो येथून, अशी श्रद्धा आहे. शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे ज्यूंच्या वृक्षांच्या नववर्षाला, एलियाहूचा उरूस असतो. 1948 नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. लोद, अश्दोद, दिमोना या शहरांतही मलिद्याचे ताट मांडले जाते.