डोंगरगणचा 'ण'

जगातल्या बहुतेक खेळांना काहीतरी सामान लागतं. क्रिकेटला बॅट लागते, कॅरमला पावडर लागते, बुद्धिबळाला बुद्धी लागते असं म्हणतात. भेंड्यांना काहीच लागत नाही. माणसं समोरासमोर बसलेली असावीत आणि गाडी लवकर सुटण्याची चिन्हं नसावीत, एवढं पुरतं. आमच्या लहानपणी दौंड-मनमाड लाइन एकेरी होती. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आमची पॅसेंजर विळदला थांबली, की वांबोरीकडची गाडी निघून जाईपर्यंत दोन्ही बाकांवर तीन-तीन भेंड्या चढलेल्या असत. रेल्वेखात्यानं या खेळाला दिलेल्या उत्तेजनाची नोंद कोणीतरी घ्यायला हवी.

या खेळाचा भाजीशी संबंध काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीतलं एक तरी पोर विचारतं, आणि प्रत्येक पिढीतला एक तरी काका त्याला "मध्ये बोलू नकोस" असं उत्तर देतो. आमच्या घराण्यातही संशोधन याच्यापुढे गेलेलं नाही.

खेळ मात्र जुना आणि देशोदेशीचा. त्याचं संस्कृत नाव अंत्याक्षरी. हिंदीवाल्यांनी त्यातला 'य' खाऊन अंताक्षरी केली. उर्दूत त्याची भावकी बैतबाजी, तिथे शेराला शेर द्यायचा. १९४२च्या ऑगस्टपासून आमच्या नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद अशी थोर मंडळी कैदेत होती. तिथे नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि मौलानांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली, त्यात शेकडो शेर पेरले. मौलानांसमोर बैतबाजीला बसायची कोणाची छाती झाली असती, असं मला किल्ल्यावरून जाताना नेहमी वाटतं. तिकडे जपानी मुलं शिरीतोरी खेळतात. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, पण ज्यानं 'न'च्या उच्चाराचं एक विशिष्ट अक्षर शेवटी आणलं तो हरला. कारण त्या अक्षरानं जपानीत शब्दच सुरू होत नाही.

हे वाचलं तेव्हा मला जपान एकदम शेजारच्या तालुक्यात असल्यासारखा वाटला. कारण आमच्याकडे 'ण' आहे, आणि त्याचा सख्खा भाऊ 'ळ' आहे.

गावांच्या भेंड्या खेळून बघा, म्हणजे कळेल. आमचा जिल्हा या खेळासाठी अत्यंत गैरसोयीचा वसवला आहे. नगर, पारनेर, संगमनेर, श्रीरामपूर, भिंगार, शिंगणापूर, सगळी 'र'वर संपतात. 'र'वरून राहुरी म्हणावं तर पुन्हा 'र'. राजूर म्हणावं तर पुन्हा 'र'. राशीन आणि राहाता संपले की घाम फुटतो. त्यातून चौंडी या अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावावरून 'ड' आला, की पलीकडचा पक्ष शांतपणे म्हणतो, "डोंगरगण!" झालं. राळेगण म्हटलं तर 'ण', राळेगणसिद्धी म्हटलं तर 'ध', आणि 'ध'वरून कोणी धांदरफळ काढलं की 'ळ'. गावाचं नाव पूर्ण धरायचं की अर्धं, यावरून आमच्याकडे सख्खी भावंडं दोन-दोन दिवस बोलत नसत. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. तेव्हा बरीच चर्चा झाली, पण भेंड्यांवर परिणाम शून्य. जुनंही 'अ'नं सुरू होऊन 'र'वर संपत होतं, नवंही तसंच.

'ण' आला तर 'न' घ्यावा आणि 'ळ' आला तर 'ल', ही तडजोड कोणी काढली कोण जाणे, पण माणूस शहाणा होता.

या खेळाचं खरं दुखणं अक्षरात नाही. काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवायला एक पंच लागतो, आणि तो बहुधा घरातला सर्वांत मोठ्या आवाजाचा पुरुष असतो. आमच्याकडे थोरले काका होते. त्यांच्या पिढीच्या भेंड्या म्हणजे श्लोक आणि आर्या. मोरोपंत, वामनपंडित ही घरची माणसं. मनाचे श्लोक पाठ असले की 'म'ची ददात नाही; दोनशे पाच श्लोकांत समर्थांनी मनाला इतक्या वेळा हाक मारली आहे की 'म'चं कोठार भरलेलंच. काका प्रत्येक ओळीला विचारत, "आधार काय?" म्हणजे कुठल्या छापील पुस्तकात आहे ते सांगा.

१९६०च्या आसपासची दिवाळी. आत्या नेवाशाकडच्या तिच्या गावाहून भाऊबिजेला आली होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. रात्री आमच्या बाजूवर 'ण' आला, म्हणजे 'न'. आम्ही सगळे पदवीधर आणि होतकरू पदवीधर छताकडे बघत बसलो. काकांनी आकडे मोजायला सुरुवात केली. सातावर आत्यानं जात्यावरची ओवी म्हटली. भाऊ नगरच्या बाजारातून बैलगाडीनं येतो आहे, त्याच्या पिशवीत बहिणीला चोळीचा खण आहे, अशी काहीतरी.

"आधार काय?" काका म्हणाले.

"मीच केली होती, दादा," आत्या म्हणाली. "कुठे छापायची?"

काकांनी भेंडी दिली. आत्या "बरं" म्हणून चहा टाकायला उठली, आणि त्यानंतर मी तिला कधी भेंड्यांना बसलेली पाहिली नाही. ओवीतला भाऊ म्हणजे खुद्द पंचच होते हे माझ्या डोक्यात शिरायला पुढे वीस वर्षं लागली. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशालाच सांगितली गेली आणि ती ओवीतच आहे, हेही तेव्हा कोणाला सुचलं नाही. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतीनं भक्तविजय लिहिला तोही ओवीत. त्या ओव्या काकांना चालत. छापील होत्या ना.

काकांचं राज्य उलथवलं ते रेडिओनं. १९५७ साली विविध भारती सुरू झाली होती. आमच्या घरात रेडिओ आला तो आत्याच्या त्या ओवीनंतर दोन-तीन वर्षांनी. मग श्लोक गेले, सिनेमाची गाणी आली. भेंड्यांचा दर्जा घसरला, असं काका मरेपर्यंत म्हणत होते आणि त्यात तथ्यही होतं. हिंदी गाण्यांत दर तिसरी ओळ 'है'वर थांबते, त्यामुळे 'ह'चा दुष्काळ कायमचा. शिवाय या खेळाला फक्त मुखडा लागतो. मला आजही तीन-चारशे गाण्यांची पहिली ओळ येते आणि एकाचाही तिसरा अंतरा येत नाही. पण गाण्यांनी एक केलं. धुणंवाल्या मावशी, दूधवाला, कोपरगावची नवी वहिनी, सगळे बाकावर आले. गाण्याला कोणी आधार विचारत नव्हतं. रेडिओवर लागलं होतं, बस्स. १९८९ साली 'मैंने प्यार किया'त अंताक्षरी रंगली आणि १९९३ साली टीव्हीवर तिचा स्वतंत्र कार्यक्रमच सुरू झाला, तेव्हा तर ती घरची राहिलीच नाही.

आत्या मात्र आली नाही. आणि तोवर तिच्या गावात डिझेल इंजिनवरची गिरणी पुकपुकायला लागली होती. जातं थांबलं तशी ओवीही थांबली. पुढे गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचं वाचलं, तेव्हा मी हावरटासारखा त्या चाळायला बसलो. भाऊ खूप सापडले. गाडीतून येणारे, वाट चुकणारे, न येणारे. आमचा नाही सापडला.

गेल्या वर्षी पुतणीच्या मुलाच्या लग्नाला माळीवाड्याच्या स्टँडवरून स्पेशल एसटी केली होती. घारगावच्या अलीकडे वाहतूक तुंबली, आणि पोरांनी एकदाचे फोन खाली ठेवून भेंड्या सुरू केल्या. आमच्या बाजूवर 'न' आला. सगळे गप्प. मी खाकरलो आणि आत्याची ओवी सुरू केली. पहिली ओळ आली. दुसरी येईना.

"कुठलं गाणं आहे हे, आजोबा?" नातवानं विचारलं आणि फोनवर ओळ टाकून पाहिली. "इथे नाही दाखवत."

समोरच्या बाकावर आकडे सुरू झाले.