कायद्याचा अंमल आणि कृष्णेचे पाणी



कायदा करणे आणि कायदा चालविणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली विधिमंडळात एका अधिवेशनात उरकते. दुसरीला माणसे लागतात, पैसा लागतो, प्रयोगशाळा लागतात आणि सर्वांत अधिक म्हणजे चिकाटी लागते. महाराष्ट्र शासन प्रदूषणाच्या कायद्यांचा अंमल कसे करीत आले, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु माधवनगरसारख्या, पेठेने, गिरणीने आणि यंत्रमागांनी वाढविलेल्या गावाला तो परका नाही. कृष्णा आपल्या उंबऱ्याला लागून वाहत नसली तरी सांगलीच्या पश्चिम अंगाने ती जाते आणि सारा टापू तिच्यावर जगतो. महाबळेश्वरी उगम पावून, कराडला कोयनेला, हरिपूरला वारणेला आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला पोटात घेऊन ती कर्नाटकात उतरते. तेव्हा कायद्याची परीक्षा पाहावयाची तर ती याच पाण्यात पाहावी.

पाणी घाण करणे हा गुन्हा आहे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्याला, चिखलपाणी साचविणाऱ्याला, आणि पुण्यस्थानी वा पाण्याच्या साठ्याजवळ मलोत्सर्ग करणाऱ्याला पणांत दंड सांगितला आहे. इंग्रजी अमदानीत १८६० साली भारतीय दंडसंहिता आली. तिच्या २७७व्या कलमाने सार्वजनिक झऱ्याचे अथवा जलाशयाचे पाणी बिघडविणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण शब्द पाहा : झरा आणि जलाशय. वाहती नदी यांत बसत नाही, असे जुने न्यायनिर्णय आहेत. म्हणजे गावच्या तळ्यात कपडे धुणारा गरीब माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडे आणि नदीत घाण सोडणारा निसटे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. शिक्षा सहा महिने व पाच हजार रुपयांपर्यंत वाढली. परंतु झरा आणि जलाशय हे दोन शब्द तसेच राहिले आहेत.

पाण्याआधी कायद्याचे लक्ष गेले ते धुराकडे. मुंबईत गिरण्यांची धुराडी दाटली, तेव्हा १९१२ साली मुंबई इलाख्याचा धूर-उपद्रव कायदा झाला. त्यासाठी एक आयोग आणि निरीक्षक नेमण्याची तजवीज त्यात होती. हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. धूर डोळ्यांना दिसतो, कोणाच्या धुराड्यातून निघतो तेही दिसते. म्हणून त्याचा कायदा आधी झाला. पाण्यात मिसळलेले पाणी मात्र आपल्या धन्याचे नाव सांगत नाही. पुढच्या साऱ्या कायद्यांची खरी अडचण येथे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाने अधिनियमाने, आपल्या सांडपाण्याची व टाकाऊ मालाची परिणामकारक विल्हेवाट लावणे हे प्रत्येक कारखान्याचे कर्तव्य ठरविले. त्याच सुमारास ग्रामीण महाराष्ट्राचे रूप पालटू लागले. १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे सांगलीतही वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा कारखाना निघाला. या कारखान्यांनी शेतकऱ्याच्या घरी जे आणले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण साखरेमागून मळी आली आणि मळीमागून मद्यार्काच्या आसवन्या आल्या. मळीमिश्रित पाणी हे काही जालीम विष नव्हे. त्यातील शर्करा व इतर सेंद्रिय द्रव्ये खाण्यासाठी पाण्यातील जंतू अतोनात वाढतात आणि त्या भरात पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात. मासा गुदमरून मरतो. गळीत हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, आणि नदी आटत जाते तीही याच दिवसांत. म्हणजे नदीचे बळ सर्वांत कमी असते तेव्हाच तिच्यावर भार पडतो.

या परिस्थितीत महाराष्ट्राने जे पाऊल टाकले ते अभिमानास्पद होते. १९६९ साली राज्याने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची स्टॉकहोम परिषद १९७२ची. म्हणजे जग जागे होण्याच्या दोन वर्षे आधी मुंबईत मंडळ बसले होते. केंद्राचा जल अधिनियम १९७४चा. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने राज्यघटनेच्या २५२व्या अनुच्छेदाप्रमाणे, काही राज्यांनी ठराव करून मागणी केल्यावर संसदेने तो केला. मागणी करणाऱ्या बारा राज्यांत कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हता. आपला कायदा आपणांजवळ होताच. याचा एक चमत्कारिक परिणाम असा झाला की, सात वर्षे कृष्णा एका कायद्याखालून निघून दुसऱ्या कायद्याखाली जात होती. १ जून १९८१ रोजी महाराष्ट्राने केंद्रीय अधिनियम स्वीकारला. हवेचा अधिनियम १९८१ साली संसदेने केला. राज्यातील काही क्षेत्रांना तो १९८३ साली आणि सबंध राज्याला १९९६ साली लागू झाला. १९८४च्या डिसेंबरात भोपाळला जे घडले त्यानंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला.

आता हा कायदा चालतो कसा ते पाहू. त्याचे पहिले हत्यार संमतिपत्र. कारखाना उभारण्यापूर्वी एक संमती आणि चालविण्यापूर्वी दुसरी संमती मंडळाकडून घ्यावी लागते. किती सांडपाणी निघेल, त्यावर कोणती प्रक्रिया होईल, ते कोठे सोडले जाईल, हे तिच्या अटींत लिहिलेले असते. उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी आणि पांढरी अशी वर्गवारी आहे. साखर कारखाने व आसवन्या लाल वर्गात येतात. मंडळाने चार महिन्यांत निर्णय दिला नाही तर संमती मिळाली असे समजावे, असेही अधिनियमात आहे. मंडळाचा आळस हा कारखानदाराचा परवाना ठरू शकतो, इतके हे कलम बोलके आहे.

दुसरे हत्यार नमुना. एकविसाव्या कलमाचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. अधिकारी कारखान्याच्या नाल्यातून पाणी घेतो. विश्लेषणासाठी नमुना घेत असल्याची सूचना तो तेथल्या तेथे देतो. नमुन्याचे दोन भाग करतो, मोहोरबंद करतो, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि मग तो प्रयोगशाळेकडे जातो. पाण्याची प्राणवायूची भूक मोजण्याची कसोटी सत्तावीस अंश तपमानात तीन दिवस चालते; नदीत सोडावयाच्या पाण्यात ती लिटरला तीस मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. या क्रमातील एक पायरी चुकली तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. निरपराध्याला शिक्षा होऊ नये म्हणून ही काळजी योग्यच आहे. परंतु रात्री दोन वाजता चोरून सोडलेले पाणी सकाळी अंकलीला पोहोचलेले असते आणि अधिकारी येतो तेव्हा नाल्यात स्वच्छ पाणी खळखळत असते. मासे मेल्यावर नदीतून घेतलेला नमुना पाणी बिघडल्याचे सांगतो. कोणी बिघडविले ते सांगत नाही. धुराड्याचा तो जुना धडा येथे पुन्हा आठवतो.

खटल्यांचा मार्ग असा अवघड म्हणून १९८८च्या दुरुस्तीने तिसरे हत्यार दिले. कलम ३३-अ अन्वये मंडळ कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश स्वतःच देऊ शकते. दीड ते सहा वर्षांच्या कैदेपेक्षा हा आदेश अधिक भय घालतो, कारण कैद होईतो वर्षे जातात, वीज तासाभरात जाते. शिवाय अटी पाळण्याची हमी म्हणून मंडळ बँक हमी घेते आणि अटी मोडल्यास ती जप्त करते. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत माशांचा खच पडला, तेव्हा कारखाने बंद करण्याचे आदेश निघाले ते याच अधिकाराने. आदेश निघाला हे खरे. पण तो मासे मेल्यानंतर निघाला, हेही तितकेच खरे. अंमलाचे यश मासे जिवंत असताना मोजावयाचे असते.

येथवर कारखान्याची गोष्ट झाली. आता अधिक नाजूक भागाकडे वळतो. नदीत घाण सोडणारा केवळ कारखानदार नसतो. आपली शहरेही असतात. सांगलीचा शेरी नाला सर्वांना ठाऊक आहे. शहराचे मैलापाणी तो वर्षानुवर्षे कृष्णेत नेत आला. ते उचलून धुळगावच्या शेतीला देण्याची योजना झाली, तरी नाल्याची तक्रार संपली नाही. पंचगंगेकाठी इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातून. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यांत महाराष्ट्राचे ५३ निघाले. मैलापाणी हे त्यांचे मोठे कारण आहे. साखर कारखान्याला टाळे लावता येते. शहराला कसे लावणार? नळ तोडावा तर माणसे तहानतील, गटार बंद करावे तर रोगराई पसरेल. आणखी एक गोष्ट अशी की, अधिनियमाच्या चौथ्या कलमाप्रमाणे राज्य मंडळावर स्थानिक संस्थांचे पाचपर्यंत प्रतिनिधी आणि शासनाचे पाचपर्यंत अधिकारी बसतात. ज्यांच्यावर कारवाई करावयाची तेच न्यायासनाच्या शेजारी बसलेले असतात. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. रचनेचाच हा दोष आहे.

म्हणून न्यायालयांना मध्ये पडावे लागले. १९८०च्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला गटारांचे कर्तव्य टाळता येणार नाही, असे ठणकावून सांगितले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रक्रिया यंत्रणा चालू नसलेला कारखाना चालू देऊ नये आणि स्थानिक संस्थांनी तीन वर्षांत मैलापाणी प्रक्रिया केंद्रे उभारावीत, असे बजावले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० साली आले आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला बसले. सांगलीकराला दिल्ली गाठण्याचे कारण उरले नाही.

इतक्यात कायद्याचे वारे पुन्हा फिरले आहे. २०२४ साली संसदेने जल अधिनियमात दुरुस्ती करून बहुतेक अपराधांची कैद काढली आणि दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत दंडाची व्यवस्था केली. तिचा मार्ग तोच २५२व्या अनुच्छेदाचा. म्हणून ती आधी थोड्या राज्यांना लागू झाली. कैद क्वचितच होत असे, तेव्हा दंड तरी वसूल होईल, असे तिच्या बाजूने म्हणता येते. परंतु मोठ्या कारखान्याला पंधरा लाख हा खर्चाच्या वहीतील एक आकडा ठरेल, ही भीतीही अनाठायी नाही. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रदूषण मंडळांना हानीच्या भरपाईची रक्कमही आकारता येते, असा निर्णय दिला आहे. हा अधिकार मंडळे कशी वापरतात यावर पुष्कळ अवलंबून राहील.

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य काय? शासनाने हत्यारे जमविली, एकापेक्षा एक धारदार जमविली. पण प्रत्येक हत्याराला डोळ्यांची गरज आहे, आणि सांगलीतील उपप्रादेशिक कार्यालय व त्यावरील कोल्हापूरचे प्रादेशिक कार्यालय यांचे डोळे नदीच्या प्रत्येक वळणावर रात्रंदिवस असू शकत नाहीत. ते डोळे काठच्या माणसाचेच असावे लागतात. कायद्याने त्याची सोय केलेली आहे. पंचविसाव्या कलमाप्रमाणे संमतिपत्रांची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते, आणि ज्याचा संबंध पोहोचतो अशा कोणालाही ती पाहता येते. १९८८च्या दुरुस्तीने एकोणपन्नासाव्या कलमात, मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन साध्या नागरिकालाही न्यायालयात फिर्याद करण्याची वाट मोकळी केली. ही दोन कलमे गावोगावच्या चावडीवर वाचून दाखविण्यासारखी आहेत. कोणत्या कारखान्याला किती पाणी कोठे सोडण्याची मुभा आहे, आणि आपल्या नगरपालिकेला कोणती अट घातली आहे, हे ज्याला ठाऊक असते तो मासे मरण्याची वाट पाहत नाही. मंडळाची स्थापना होऊन पन्नासाहून अधिक वर्षे लोटली. त्या नोंदवहीची पाने उलटणारे हात आपल्या टापूत वाढले, तर पुढील पन्नास वर्षांचा इतिहास निराळा लिहिता येईल.