पेट्रोलचा भाव, मोबाइलमधलं अ‍ॅप आणि अहेरीचं अंतर

गाडीवर ऐकत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, कारण आजच्या भागात थोडं गणित आहे.

बरेच जण विचारतात, "भाऊ, पेट्रोलचे भाव तुलना करणारी अ‍ॅप्स असतात ना, त्यानं खरंच पैसे वाचतात का?" पुण्या-मुंबईच्या चॅनलवर याचं उत्तर "हो, ही पाच अ‍ॅप्स डाउनलोड करा" असं मिळतं. पण आपण अहेरीतून विचारतोय. इथून उत्तर वेगळं येतं, आणि ते का वेगळं येतं हे कळायला जवळपास शंभर वर्षं मागं जावं लागतं.

आधी ही अ‍ॅप्स आली कुठून ते बघू. अमेरिकेत २००० साली 'गॅसबडी' सुरू झालं. लोक येता-जाता पंपावरचा भाव बघायचे आणि वेबसाइटवर टाकायचे. पश्चिम ऑस्ट्रेलियात जानेवारी २००१ मध्ये सरकारनंच 'फ्युएलवॉच' काढलं. पंपवाल्यानं उद्याचा भाव आजच कळवायचा आणि सकाळी सहापासून चोवीस तास तो बदलायचा नाही, असा नियम. जर्मनीत २०१३ पासून पंपांना भाव बदलला की लगेच सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं, आणि तोच डेटा अ‍ॅप्सना मिळतो. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. तिथं प्रत्येक पंपवाला आपला भाव आपण ठरवतो. एकाच रस्त्यावरच्या दोन पंपांत चांगला फरक पडू शकतो, म्हणून तिथं तुलनेला अर्थ आहे.

आपल्याकडे अशी स्पर्धा कधीच नव्हती का? होती. पेट्रोलची नाही, रॉकेलची. १९२७ मध्ये न्यूयॉर्कची स्टँडर्ड ऑइल कंपनी सोव्हिएत रशियाचं स्वस्त तेल भारतात विकायला लागली. रॉयल डच शेलचे प्रमुख हेन्री डेटरडिंग भडकले आणि त्यांनी भाव पाडायला सुरुवात केली. भारताच्या बाजारात सुरू झालेलं हे भांडण पुढे जगभर पसरलं. शेवटी सगळ्यांनाच तोटा व्हायला लागला, तेव्हा १९२८ मध्ये मोठ्या कंपन्यांचे प्रमुख स्कॉटलंडमधल्या अखनाकॅरी इथल्या एका वाड्यात जमले आणि ठरवलं की बाजाराचे वाटे आहेत तसेच ठेवायचे, उगाच भांडायचं नाही. त्याच वर्षी भारतात बर्मा ऑइल आणि शेलनं एकत्र येऊन 'बर्मा शेल' काढली. गिऱ्हाइकाला फायदा करून देणारी भावांची लढाई तिथंच संपली.

स्वातंत्र्यानंतर भाव ठरवण्यात सरकार उतरलं. आधी कंपन्यांशी समझोते झाले. मग समित्या आल्या, त्यातली १९६१ ची दामले समिती प्रसिद्ध आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत कच्चं तेल तीन डॉलरवरून जवळपास बारा डॉलरवर गेलं. १९७४ मध्ये सरकारनं एस्सो ताब्यात घेऊन हिंदुस्तान पेट्रोलियम केली, १९७६ मध्ये बर्मा शेल घेतली, तीच पुढं भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइल आधीपासून सरकारीच होती. म्हणजे आज आपण ज्या तीन पंपांची तुलना करायला बसतो, त्या तिघांचा मोठा मालक एकच आहे, भारत सरकार.

त्यानंतर २००२ पर्यंत भाव दिल्लीत ठरायचा. पेट्रोल महाग ठेवायचं आणि त्या पैशातून रॉकेल आणि गॅस स्वस्त ठेवायचा, असा हिशेब होता. १ एप्रिल २००२ ला ही पद्धत कागदावर संपली. खासगी कंपन्यांनी पंप उघडले. पण तेल महागलं तसं सरकारी पंपांवर भाव दाबून ठेवला गेला, आणि २००८ मध्ये रिलायन्सनं आपले चौदाशेच्या आसपास पंप बंद केले. पेट्रोलचा भाव खऱ्या अर्थानं मोकळा झाला जून २०१० मध्ये, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. तेव्हा भाव दर पंधरा दिवसांनी बदलायचा.

मग आली १६ जून २०१७ ही तारीख. त्या दिवसापासून देशभर रोज सकाळी सहा वाजता भाव बदलायला लागला. आपल्या मोबाइलमधली 'आजचा भाव' दाखवणारी अ‍ॅप्स खरी तेव्हा फोफावली. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी एसएमएस होता. आरएसपी लिहायचं, पंपाचा कोड टाकायचा आणि ९२२४९९२२४९ वर पाठवायचं, की इंडियन ऑइलचा भाव यायचा.

गंमत बघा. एप्रिल २०२२ नंतर हा 'रोजचा' भाव जवळपास दोन वर्षं कंपन्यांनी हलवलाच नाही. या काळात मोठे बदल झाले ते करामुळं. मे २०२२ मध्ये केंद्रानं पेट्रोलवर आठ रुपये कमी केले, जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रानं पाच. कंपन्यांनी दोन रुपये उतरवले ते थेट मार्च २०२४ मध्ये. खासगी पंपांनी मधेच हलवून बघितलं. २०२३ मध्ये नायारानं काही राज्यांत सरकारी पंपांपेक्षा एक रुपया कमी घेतला. बाकी एकाच गावातल्या सरकारी पंपांत फरक बहुतेक पैशांत असतो. त्या पैशांसाठी अ‍ॅप उघडायची गरज नाही.

मग खरा फरक कुठं आहे? दोन ठिकाणी: राज्याच्या सीमेवर आणि डेपोपासूनच्या अंतरात. अहेरीच्या वाट्याला दोन्ही आलेत.

सीमा तर आपल्या अंगणात. प्राणहिता ओलांडली की तेलंगणा. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळं प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२ टक्के. महाराष्ट्रात आपल्या भागात २५ टक्के, वर लिटरमागं ठरावीक जादा कर. जुलै २०२२ च्या कपातीनंतर मुंबईत पेट्रोल सुमारे १०६ रुपये होतं, हैदराबादेत १०९ च्या वर. म्हणून तिकडं जाताना टाकी इकडंच भरावी, येताना इकडं पोचेपर्यंत थांबावं. ट्रकवाल्यांना हे अ‍ॅपच्या आधीपासून तोंडपाठ आहे.

आता अंतर. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हटलं की वर्षानुवर्षं वडसा, ते पण जिल्ह्याच्या पार उत्तरेला. अहेरी जिल्ह्याच्या मुख्यालयापासूनच शंभर किलोमीटरच्या वर. इकडं प्रत्येक लिटर टँकरनं, रस्त्यानं येतं. हे भाडं पेट्रोलच्या भावात धरलेलं असतं. भाव कसा बनतो त्याचा तक्ता बघितला की एक बारीक गोष्ट दिसते. मूळ किंमत आणि भाडं यांची आधी बेरीज होते, मग उत्पादन शुल्क, डीलरचं कमिशन, आणि या सगळ्यावर टक्केवारीनं व्हॅट. म्हणजे भाडं एक रुपया वाढलं की आपल्या खिशातून सव्वा रुपया जातो. आपण लांब राहतो याचं भाडं तर भरतोच, त्या लांब असण्यावर कर पण भरतो.

आणि पंपापासून आणखी आत गेलं की दुकानात लटकलेली पेट्रोलची बाटली येते. परवान्याशिवाय अशी विक्री कायद्यात बसत नाही, पण पंपच लांब असेल तर माणूस काय करणार? त्या बाटलीचा भाव दुकानदार ठरवतो, माप बाटलीचं. सगळ्यात महाग पेट्रोल तिथं विकलं जातं, आणि ते कुठल्याच अ‍ॅपमध्ये दिसत नाही.

आता गणित. समजा दुसऱ्या गावात भाव दोन रुपये कमी आहे. बाइकमध्ये आठ लिटर भरलं तर वाचले सोळा रुपये. बाइक लिटरला ४५ देते, पेट्रोल १०४ रुपये. सोळा रुपयांत गाडी चालते सात किलोमीटर, जाऊन-येऊन. म्हणजे पंप साडेतीन किलोमीटरच्या पुढं असला तर तुम्ही तोट्यात. कारमध्ये ३५ लिटर आणि १८ चा अ‍ॅव्हरेज धरला तर ही मर्यादा जाऊन-येऊन बारा किलोमीटर. स्वस्त पंप शोधायला मुद्दाम जायचं नाही. जिथून तसंही जाणार आहात तिथं भरायचं. चंद्रपूर-नागपूरला काम असेल तर परत निघताना टाकी फुल्ल करा. अ‍ॅपचा आपल्याला उपयोग एवढाच: निघण्याआधी वाटेवरच्या दोन-तीन शहरांचा भाव बघून घेणं.

आणि भावाइतकंच माप बघा. शून्य बघून भरा. शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, ते पंपावर ठेवावंच लागतं आणि तपासून बघायचा तुम्हाला हक्क आहे. शंभर मिली कमी मिळालं तर दहा रुपये गेले. एवढं कुठलंच अ‍ॅप वाचवून देत नाही.

शेवटचा मुद्दा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी राज्याच्या आतल्या भाड्याची नव्यानं मांडणी जाहीर केली. ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात कुनानपल्लीला पेट्रोल ४ रुपये ६९ पैशांनी उतरलं, छत्तीसगडच्या सुकम्यात २ रुपये ९ पैशांनी. हे आपल्यासारखेच जंगलातले जिल्हे. रस्ता तोच, टँकर तोच, नुसती भाड्याची वाटणी बदलली आणि भाव उतरला. लांब राहणाऱ्यानं जास्त भरायचं हा काही निसर्गाचा नियम नाही, कुणीतरी घेतलेला निर्णय आहे आणि तो बदलता येतो.

म्हणून अ‍ॅप उघडाल तेव्हा शेजारच्या दोन पंपांची तुलना करत बसू नका. आपल्या तालुक्याचा आणि नागपूरचा भाव शेजारी ठेवा, फरक लिहून ठेवा, महिन्याला किती लिटर लागतं त्यानं गुणा. तो आकडा ग्रामसभेत सांगा, आमदारांना सांगा. बाइकच्या टाकीत वाचले सोळा रुपये. हा आकडा अख्ख्या तालुक्याचा आहे.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावात बाटलीचा भाव काय चालू आहे ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.