मु. पो. वॉर्ड

संपाची बातमी आली की वर्तमानपत्रांत 'निवासी डॉक्टर' हा शब्द हटकून दिसतो. एरवी तो कुणाच्या तोंडी नसतो. वॉर्डात सगळे 'रेसिडेंट' म्हणतात, पहिल्या वर्षाचा असेल तर 'जेआर वन', आणि जुन्या सर्जनांच्या तोंडी अजूनही इंग्रजांच्या काळातला 'हाउसमन'. निवासी शाळेत मुलं निदान राहतात तरी. माझी भाची एका सरकारी रुग्णालयात सर्जरीची जेआर वन आहे. तिला होस्टेलवर खोली मिळाली आहे, पण ती राहते वॉर्डात. खोलीत तिची सुटकेस राहते.

म्हणजे शब्द चुकलेला नाही. तो जन्मला तेव्हा त्याचा अर्थ अगदी हाच होता.

१८८९ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं. शस्त्रक्रिया विभाग विल्यम हॉलस्टेडकडे आला. तोवर अमेरिकेत सर्जन होण्याची ठरलेली वाट नव्हती. व्याख्यानं ऐकायची, कुणा नावाजलेल्या डॉक्टरच्या मागेमागे फिरायचं आणि पुढे रोग्यावरच हात बसवायचा. हॉलस्टेडने १८७८ ते १८८० ही दोन वर्षं व्हिएन्ना आणि जर्मनीत काढली होती. तिथे बिलरोथसारख्या प्राध्यापकांचे सहायक वर्षानुवर्षं क्लिनिकशी बांधलेले असत आणि पायरी पायरीने वर चढत. हॉलस्टेडने ती शिडी बाल्टिमोरला आणून उभी केली. वैद्यक विभागात विल्यम ऑस्लर हेच करत होता. ही तरुण मंडळी रुग्णालयाच्या आवारातच राहत, तिथेच जेवत. राहणारा तो 'रेसिडेंट'.

शिडी वर निमुळती होत जायची. खाली अनेक जण, टोकाला एकच रेसिडेंट सर्जन. किती वर्षांनी वर जाल, जाल की नाही, काही ठरलेलं नव्हतं. १९०४ साली येल विद्यापीठातल्या भाषणात हॉलस्टेडने हिशेब सांगितला तो साधारण असा: सहा वर्षं सहायक, मग दोन वर्षं हाउस सर्जन. १९२२ साली तो वारला, तोवर टोकाला पोचले होते सतरा जण. लग्नबिग्न पुढे ढकलायचं हे गृहीतच. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत मोठं नाव केलेला हार्वे कुशिंग १८९६ मध्ये तिथे दाखल झाला आणि बोहल्यावर चढला १९०२ साली.

हॉलस्टेडच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे आणि ती सांगताना हल्ली अनेकांना उत्साह येतो. १८८४ साली कोकेनने डोळा बधिर होतो हे कळल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्या अंगात कोकेन टोचून नस बधिर करण्याचे प्रयोग केले. प्रयोग यशस्वी झाले, पण माणूस व्यसनात गेला. पुढे मॉर्फिनही आलं. ऑस्लरने हे एका बंद लिफाफ्यात लिहून ठेवलं होतं. ते उघड झालं १९६९ साली. यावरून 'कोकेनबाज माणसाने झोप न घेणाऱ्यांची पद्धत काढली' अशी गोष्ट रंगवली जाते. मला ती पटत नाही. बाल्टिमोरमधला हॉलस्टेड काही रात्रंदिवस जागणारा नव्हता. उन्हाळ्यात तो महिनोन्‌महिने गायब असे, शर्ट धुवायला पॅरिसला पाठवी. तो नसायचा, म्हणूनच रेसिडेंटला असावं लागायचं. शिवाय टोकाची जागा एकच असली की 'मी घरी जातो' असं आधी कोण म्हणणार? जागरणाचं मूळ मला त्या निमुळत्या शिडीत दिसतं.

शिडी पुढे बदलली. बॉस्टनच्या एडवर्ड चर्चिलने ती वरपर्यंत सारखी रुंद केली, म्हणजे घेतलेल्यांना शेवटपर्यंत शिकवायचं. तास मात्र तसेच राहिले. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिला पाहणारे डॉक्टर शिकाऊ होते, लांबलचक ड्यूटीवर होते. वडील पत्रकार, त्यांनी विषय सोडला नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. ८० तासही चार आठवड्यांची सरासरी काढून.

आपल्याकडचा कागद याहून कितीतरी प्रेमळ आहे. १९९२ सालच्या केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको असं लिहिलं आहे. मी हे भाचीला वाचून दाखवलं, तेव्हा ती पोस्ट-इमर्जन्सी होती, म्हणजे आदल्या सकाळपासून उभी. वरणभाताचं ताट पुढ्यात होतं. डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीला काळ्या रेशमी धाग्याच्या गाठी मारणं चालू होतं. एकीखाली एक अशा पंधरावीस झाल्या असतील. बारीक रेशीम वापरा, ऊतींना हळुवार हात लावा, हा आग्रहसुद्धा हॉलस्टेडचाच. ॲप्रनच्या खिशातून मायक्रोपोरची टेप आणि चार घड्या घातलेली पेशंटची लिस्ट डोकावत होती. लिस्टवर भाजीच्या रश्शाचा डाग.

मग २०२३ चा नवा नियम वाचला. त्यात आकडाच नाही. पदव्युत्तर विद्यार्थी पूर्णवेळ निवासी डॉक्टर म्हणून 'वाजवी' तास काम करतील, आणि विश्रांतीही त्यांना 'वाजवी' मिळेल.

गाठ ओढून घट्ट करत ती म्हणाली, "वाजवी म्हणजे मावशी, किती वाजेपर्यंत?"