आडनावातलं एक चिन्ह

मी वसईचा, आडनाव डिमेलो. इंग्रजीत लिहिताना 'डी'नंतर वरच्या बाजूला एक छोटं चिन्ह येतं, मग 'मेलो'. बारावीनंतर एका ऑनलाइन फॉर्ममध्ये तसं टाकलं, तर लाल अक्षरात उत्तर आलं: नावात चुकीचं अक्षर आहे. चिन्ह काढून फॉर्म भरला. मग दाखल्यावर एक नाव, फॉर्मवर दुसरं. पप्पांना वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आता आमच्या नावात चुकीचं काय होतं?

त्यासाठी १९७४ मध्ये जावं लागतं. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा मांडली. नाव सीक्वेल, पुढे झालं एसक्यूएल. त्यात मजकूर कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हे सांगतं एकेरी अवतरणचिन्ह. कीबोर्डवर तेच आमच्या आडनावातलं चिन्ह! म्हणजे 'डी'नंतर ते आलं की मशीनला वाटतं नाव संपलं, पुढचं 'मेलो' हा हुकूम आहे. नावातलं चिन्ह दोनदा लिहा, असा नियम होता. पण तो पाळायचा प्रोग्रॅमरनं, आणि प्रत्येक वेळी.

तोपर्यंत त्रास फक्त आमच्यासारख्यांना होता. मग डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक या हॅकरांच्या ई-मासिकात जेफ फॉरिस्टलनं 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनावानं लिहिलं की वेबसाइटच्या रकान्यातून डेटाबेसला आपलेच हुकूम चिकटवता येतात. चिन्ह टाकून नाव बंद करायचं, पुढे हवा तो हुकूम. यालाच आपण एसक्यूएल इंजेक्शन म्हणतो.

अवतरणचिन्हाच्या त्रासावर पीएचपीनं काढलेला तोडगा मला फार आवडतो, कारण तो इतका वाईट होता. मॅजिक कोट्स! आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप एक तिरकी रेघ. डेटाबेसमध्ये जाणार असो वा नसो. मग लोकांची नावं स्क्रीनवर रेघांसकट दिसायची. २०१२ मध्ये ५.४ आवृत्तीत ते काढून टाकलं.

खरा उपाय वेगळाच. आधी हुकूम पाठवायचा, नावाची जागा रिकामी ठेवून. नाव मागाहून, स्वतंत्रपणे. मग नावात काहीही असो, ते नावच राहतं. सीक्वेल ज्या 'सिस्टीम आर' प्रकल्पात वाढली, तिथेही प्रोग्रॅममधून मूल्यं अशी वेगळी देता येत होती. तरी २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीतून याच जुन्या युक्तीनं १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली. दंड झाला ४ लाख पौंड.

म्हणून चिन्हावर बंदी घालणारा फॉर्म दिसला की मला जरा शंकाच येते, आत हुकूम आणि नाव अजून एकत्र चिकटवतायत की काय.

गेल्या महिन्यात भाचीचा फॉर्म भरला. चिन्ह घेतलं हो! पावती आली, त्यावर दोन चिन्हं छापलेली.