मैरेय म्हणजे काय?

प्राचीन वाङ्मयांत ‘सुरा’ व ‘मैरेय’ ही जोडी वारंवार आढळते. बौद्धांच्या पांचव्या शीलांतही ती आहे. सुरा म्हणजे धान्य किण्व घालून आंबविलेलें, आजच्या बिअरच्या जातीचें मद्य, याविषयीं फारसा वाद नाहीं. मैरेय मात्र कोणी गुळाचें मद्य मानतात, कोणी मिश्र मद्य. या प्रश्नाचा निर्णय करण्यास उपयोगी असे चार आधार येथें मांडतों.

पहिला पाणिनीचा. अष्टाध्यायींत (६।२।७०) मैरेय शब्द उत्तरपदीं असतां घटकद्रव्यवाचक पूर्वपदाचा स्वर सांगितला आहे, काशिकेंत गुडमैरेय व मधुमैरेय हीं उदाहरणें आहेत. अर्थात् हें पेय अनेक प्रकारचें असून घटकावरून ओळखलें जाई.

दुसरा कौटिल्याचा. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रांत, सुराध्यक्षाच्या प्रकरणांत, मैरेयाची कृति आहे: मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, आणि पिंपळी-मिरीची अथवा त्रिफळेची जोड. तेथेंच मेदकास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व सांगितलें आहे. मेदकांत धान्य आहे, मैरेयांत नाहीं.

तिसरा पाली विनयपिटकाचा. सुरापानाच्या नियमाच्या विवरणांत पीठ, भात, किण्व यांची ती सुरा, आणि फूल, फळ, मध, गूळ यांचें आसव तें मैरेय, अशी वांटणी आहे.

चौथा वैद्यक टीकांचा. सुरा व आसव एका भांड्यांत घालून त्यांचें पुन्हां संधान केलें म्हणजे मैरेय, असें लक्षण त्यांत येतें.

पहिल्या तिघांचा मेळ बसतो. चौथा निराळा आहे आणि उत्तरकालीनही आहे. तेव्हां मिश्रमद्याचा अर्थ मागें नेऊन कौटिल्यावर अथवा बौद्ध शीलावर लादणें युक्त नव्हे. शीलांतील जोडी धान्याचें व धान्येतर अशा दोन्ही मद्यांना कवेंत घेते. मैरेय मिश्र मानल्यास तिचें हें प्रयोजनच नाहींसें होतें.

मैरेयांतील झाडाची सालही अपवादभूत नव्हे. शार्ङ्गधराच्या खदिरारिष्टांत खैर व देवदार प्रत्येकीं अर्धी तुळा पडतात. अष्टांगहृदयांतील अयस्कृतींत तर काष्ठाबरोबर अग्निही येतो: असनादि गणाचा काढा मधगुळासह घटांत घालून, खैराच्या निखाऱ्यांत तापविलेले लोखंडाचे पातळ पत्रे त्यांत वारंवार बुडवावयाचे.

असलें संधान घरींही होत असे. मद्याचा व्यवहार राजाच्या हातीं असतांही कौटिल्य कुटुंबवत्सल लोकांस कार्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्टादि करण्याची मुभा देतो. उत्सव, समाज व यात्रा यांस चार दिवसांची सवलत आहे.

शेवटीं एक इशारा. आज मद्यार्काच्या कारखान्यास ‘आसवनी’ म्हणतात, म्हणून ‘आसव’ शब्द दिसतांच वाचकास भट्टी आठवते. वरील चारही आधारांत संधान आहे, ऊर्ध्वपातन नाहीं. मैरेयाच्या बळावर प्राचीन काळीं ऊर्ध्वपातन होतें असें म्हणणारांनीं निराळें प्रमाण दाखविलें पाहिजे.