काचबिंदूचा संशय: मुलांची आणि मोठ्यांची ऑप्टिक नर्व्ह
ऑप्टिक नर्व्हच्या तोंडाशी मध्यभागी एक खळगा असतो. त्याला ‘कप’ म्हणतात. काचबिंदूत नर्व्हचे तंतू मरतात आणि कप मोठा होतो. मोठ्या माणसांत हा बदल सहसा कायमचा असतो. लहान मुलांच्या डोळ्यांतील ऊती लवचिक असतात. त्यामुळे डोळ्यातील दाब वाढला की कप लवकर रुंदावतो. दाब वेळेत कमी केल्यास तो पुन्हा लहानही होऊ शकतो. मेलेले तंतू मात्र परत येत नाहीत.

कप मोठा म्हणजे काचबिंदूच, असे नाही. काही कुटुंबांत तो मुळातच मोठा असतो. म्हणून आई-वडिलांचेही डोळे तपासतात.

बाळाचे बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, डोळ्यांतून सतत पाणी येत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याला लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या.